तिसऱ्या कॅमेऱ्याचा परवाना

आमच्या बिल्डिंगचा जिना मंगळवारी रजेवर असायचा.

जिना म्हणजे जिन्यावरचा कॅमेरा. मंगळवारी अप्पा तिरोडकरांचा गॅस ड्युटीवर. बुधवारी गॅस रजेवर आणि जिना हजर. शनिवार-रविवार गॅलरी. तसा तक्ताच अप्पांनी दारामागे कॅलेंडरशेजारी चिकटवला होता, खाली सही आणि ‘आदेशावरून’. कोणाच्या आदेशावरून, असं मी एकदा विचारलं. “माझ्याच,” म्हणाले, “पण लिहावं लागतं.”

मी हे विनोदाने सांगत नाहीये. विमा कंपनीत दिवसभर लोकांच्या गाड्यांना आलेले पोचे बघून घरी आलं की माणसात विनोद शिल्लक राहत नाही. मी चपला काढतो न काढतो तोच वरच्या मजल्यावरून हाक यायची, “मंग्याऽऽ! बदली करायची आहे!” बायको माझ्या हातातला डबा घेत म्हणायची, “जा बाबा, नाहीतर ते खाली येतील.” आणि अप्पा एकदा खाली आले की जेवणाची वेळ टळली तरी हलायचे नाहीत. म्हणून मीच वर जायचो. कधी काळी मी बिल्डिंगमधल्या कोणाचा तरी प्रिंटर चालू करून दिला होता, त्याची ही शिक्षा.

तर अप्पा. दादरला चर्चच्या मागच्या गल्लीत आमची तीन मजली बिल्डिंग आहे, लिफ्ट नसलेली. तिसऱ्या मजल्यावर गॅलरीच्या या टोकाला अप्पा राहतात. सत्तरी उलटली आहे, लग्न केलेलं नाही. आई होती तोवर आईबरोबर, नंतर एकटे. नोकरी सगळी परवाना खात्यात. इस्त्रीवाला, न्हावी, पिठाची गिरणी, खानावळ, जो कोणी पोटासाठी शटर वर करेल त्याला अप्पा जाऊन विचारणार, “परवाना?” कोणाकडून कपभर चहा घेतला नाही आणि कोणाला कणभर सूटही दिली नाही. रिटायर झाले तरी ते डोळे तसेच राहिले. कोपऱ्यावर नवीन वडापाववाला आला की अप्पा वड्याकडे नाही, आधी भिंतीकडे बघतात. परवाना दर्शनी भागी लावलेला नसेल तर वडा चटणीसकट परत. समोर काहीही आलं तरी त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, “नियमात बसतं काय?” माझ्या लग्नाची पत्रिका हातात घेऊनही त्यांनी हेच विचारलं होतं. सुदैवाने बसत होतं.

गेटमधल्या मोटरसायकलींमधून पेट्रोल चोरीला जायला लागलं तेव्हा अप्पांनी ते मनावर घेतलं. लॅमिंग्टन रोडला गेले आणि चार कॅमेरे आणि एक खोका घेऊन आले. खोका म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्रण साठवून ठेवणारं यंत्र, जेवणाच्या डब्याएवढं. “तीन कॅमेऱ्यांवर एक फुकट होता,” अप्पा म्हणाले. जन्मात पहिल्यांदा फुकट काहीतरी घेतलं आणि तिथेच माणूस फसला.

पहिले दोन कॅमेरे झटक्यात चालू झाले. मी तिसरा जोडला, तर टीव्हीवर इंग्रजीत सूचना आली. वाचून दाखवली. या खोक्यावर दोन कॅमेरे मोफत चालतील, पुढच्या प्रत्येक कॅमेऱ्याचं लायसन्स वेगळं विकत घ्यावं लागेल. खाली किंमत होती. कॅमेऱ्यापेक्षा लायसन्स महाग.

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“कसलं लायसन्स?”

“कॅमेऱ्यातून बघायचं.”

“कॅमेरा कोणाचा?”

“तुमचा.”

“खोका?”

“तोही तुमचाच.”

“डोळे?”

“अप्पा, सॉफ्टवेअर त्यांचं आहे ना.”

“गप रव मेल्या! माका परवाने शिकवू नको.” रागावले की अप्पा मालवणीत जातात. “अरे, हॉटेलला परवाना एक असतो. आत खुर्च्या किती मांडल्यास ते तुझं तू बघ. दर खुर्चीमागे वेगळा परवाना मागितला मी कधी कोणाला? बरं, नूतनीकरण कधी?”

“नूतनीकरण नाही. पैसे एकदाच भरायचे, मग कायमचं.”

आता मात्र अप्पांना खरोखर लागलं. “नूतनीकरण नाही? मग तो परवाना कसला? खंडणी झाली ती.”

त्यांनी दाद मागायचं ठरवलं. कंपनीच्या वेबसाइटवर कोपऱ्यात प्रश्न टाइप केला की आपोआप उत्तर देणारं एक यंत्र होतं. अप्पांनी माझ्याकडून त्याला ‘महोदय’पासून ‘आपला विश्वासू’पर्यंत अख्खा अर्ज लिहून घेतला. उत्तर आलं, आपल्याला किती लायसन्स हवी आहेत? अप्पा म्हणाले, “वरिष्ठांना बोलव म्हणावं.” मी तेही टाइप केलं. उत्तर आलं, फारच छान, आपल्याला किती लायसन्स हवी आहेत? मी कपाळाला हात लावला. अप्पांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, “पैशाचा प्रश्न नाही रे. पेन्शन कोणासाठी साठवतोय मी? पण सगळी नोकरी मी परवाने देण्यात घालवली. आता ह्या डब्यापुढे पदर पसरू? मेलो तरी नाही.”

म्हणून मग बदल्या. गेटचा कॅमेरा कायम, कारण तसा सोसायटीचा ठराव. उरलेल्या एका मोफत जागेवर जिना, गॅलरी आणि गॅस आळीपाळीने. गॅसला मंगळवार का, तर मंगळवारी अप्पा प्रभादेवीला चालत गणपतीला जातात. पूर्वी अर्ध्या वाटेवर त्यांना वाटायचं, गॅस बंद केला नाही. परत यायचे. गॅस बंदच असायचा. पुन्हा निघायचे, पुन्हा शंका. कधी कधी देव राहूनच जायचा. कॅमेरा आल्यापासून ते रांगेत उभे राहून फोनवर स्वतःच्या ओट्याचं दर्शन घ्यायचे आणि मग निवांत गणपतीचं. पुढे मी त्यांना ते कॅमेरे फोनवरून चालू-बंद करायला शिकवलं. परोपकार म्हणून नाही हो, मला संध्याकाळी जेवायला मिळावं म्हणून.

आता मेरी आंटी. गॅलरीच्या त्या टोकाची खोली तिची. याच खोलीत जन्मली, लग्न होऊन नवराही इथेच राहायला आला, तो गेला, मूलबाळ नाही. एक भाचा, विल्सन, वसईला असतो, भला माणूस आहे. आंटीचं आणि अप्पांचं बोलणं बंद होतं. मी शाळेत होतो तेव्हापासून बंद. झालं असं की एका नाताळात आंटीने घरी केक करून विकायला सुरुवात केली. दारावर हाताने रंगवलेली पाटी लावली. संध्याकाळी अप्पा ऑफिसातून आले, पाटी वाचली आणि दार वाजवून विचारलं, “परवाना?” आंटी हसली, तिला वाटलं गंमत करतायत. अप्पा गंमत करत नव्हते. पाटी त्याच संध्याकाळी उतरली आणि त्यानंतर तिने त्यांना शब्द म्हणून टाकला नाही. अप्पाही बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं, माझं काय चुकलं? चुकलं काहीच नव्हतं. तेच तर वाईट असतं.

तर गेल्या वर्षी ही मेरी आंटी मोरीत पाय घसरून पडली. सकाळी पडली ती दुपारी भांडीवाली येईपर्यंत तशीच. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब. संध्याकाळी विल्सन आला आणि गॅलरीत सगळ्यांदेखत म्हणाला, “आंटी, बस झालं. तू वसईला चल.”

“मी नाय येत,” आंटी म्हणाली. “हितं सकाळी मला चर्चची घंटा ऐकू येते. तुझ्याकडे काय ऐकू, टीव्ही?”

“अगं, पण तुझ्यावर लक्ष कोण ठेवणार? परत पडलीस तर?”

अप्पा आपल्या दारात पेपर वाचत उभे होते. म्हणजे पेपर धरून उभे होते. ते विल्सनशी बोलले नाहीत, आंटीशी तर नाहीच नाही. मी जिन्यात दिसलो, तर मला म्हणाले, “मंग्या, त्यांना सांग, गॅलरीचा कॅमेरा त्या दाराकडे वळवता येईल. नियमात बसतं.”

आंटी माझ्याकडे बघून म्हणाली, “त्याला सांग, घराच्या आत बगायचं नाय.”

“त्यांना सांग, आत बघण्यात कोणाला रस नाही.”

“त्याला सांग, थँक्यू.”

हे दोघं एकमेकांपासून दहा-बारा पावलांवर आणि मी मध्ये, हातात भाजीची पिशवी घेऊन. त्या दिवशी मी खरंच दमलो होतो.

पण ठरलं ते असं. सकाळी दूधवाला पिशवी ठेवून जातो, आंटी दार उघडून ती आत घेते. ते विल्सन वसईला फोनवर बघेल आणि अप्पा इथे टीव्हीवर. दार उघडलं नाही तर अप्पांनी जाऊन वाजवायचं. विल्सनने जाताना बजावलं, “हे नीट चाललं तर आंटी इथे. नाहीतर मी तिला घेऊन जाणार.” आंटी मान खाली घालून ऐकत होती, शाळेतल्या मुलीसारखी. या वयात आपलं घर आपल्याकडे राहावं म्हणून रोज दूध वेळेवर घ्यायचं!

काही दिवस झकास गेले. गॅलरीचा कॅमेरा रोज ड्युटीवर. आणि मग एक मंगळवार आला.

अप्पांनी मंगळवारी त्या कॅमेऱ्याला रजा दिली.

मी नंतर डोकं धरून विचारलं, का? तर म्हणाले, “अरे, त्याची साप्ताहिक सुटी थकली होती. आणि मला देवाला जायचं होतं. गॅसला मंगळवार दिलेला आहे, तो मी कसा काढून घेऊ?” आंटीचं दार उघडेपर्यंत थांबायचं, मग बदली करायची, असा त्यांचा बेत होता. पण त्या दिवशी अंगारकी संकष्टी, रांग मोठी, म्हणून लवकर निघाले आणि निघताना बटण दाबलं. वसईला विल्सनने फोन बघितला, तर आंटीच्या दाराच्या जागी काळं. त्याने आंटीला फोन लावला, ती कानाचं यंत्र न घालता चर्चची तयारी करत होती. अप्पांना लावला, ते रांगेत फोनवर गॅस बघत होते, मध्येच आलेला फोन त्यांनी कापला. मला लावला, तर मी अंघोळीला. बिचारा कामावर रजा टाकून टॅक्सीने दादरला आला. तोंडचं पाणी पळालेलं. वर येऊन बघतो तर आंटी टोपी घालून दारात उभी. “काय रे विल्सन, बर्थडे आहे काय कोणाचा?”

विल्सन चिडला नाही, तेच वाईट. कठड्याला टेकून बसला आणि हळूच म्हणाला, “आंटी, मला हे जमणार नाही. रविवारी टेम्पो घेऊन येतो.”

आंटीने डोक्यावरची टोपी काढली आणि आत गेली.

अप्पा प्रसाद घेऊन वर आले तेव्हा मी जिन्यातच होतो. सगळं सांगितलं. नारळ माझ्या हातात कोंबला. मग म्हणाले, “मंग्या, परवाना काढ.”

“कसला?”

“तिसऱ्या कॅमेऱ्याचा. आत्ता काढ. ऑफिसला उशिरा जा.”

मी लॅपटॉप घेऊन बसलो. “अर्ज कुठे आहे?” अप्पांनी विचारलं. अर्ज नाही. “छाननी?” नाही. “जागेची तपासणी करायला कोण येणार?” कोणी नाही. “म्हणजे पैसे टाकले की परवाना? असले परवाने मी दिले असते तर तुरुंगात गेलो असतो.” असं म्हणत त्यांनी कार्ड काढून दिलं. पुढच्या मिनिटाला ईमेलवर अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक माळ आली. ती टाकली आणि टीव्हीवर तिसरी चौकट उघडली. गेट, गॅस आणि शेजारी आंटीचं बंद दार.

अप्पांनी विल्सनला फोन केला. “तिरोडकर बोलतोय. त्या दाराचा कॅमेरा आता कायम झाला आहे. बदली नाही, रजा नाही. मी परवाना काढलाय.” पलीकडून तो काय म्हणाला कोण जाणे. अप्पांचा आवाज एकदम उतरला. “चूक माझी झाली रे. तिला नको नेऊस. तिची काही चूक नाही.”

टेम्पो आला नाही. ती अक्षरांची माळ अप्पांनी छापून, फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावली. दर्शनी भागी. बिल्डिंगमधले लोक मुद्दाम बघायला येऊन गेले, वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं तरी.

नाताळात आंटीने माझ्याकडे केक दिला, आमच्या घरातल्या माणसांपेक्षा दोन तुकडे जास्त. “जास्तीचे कोणाचे ते विचारू नको,” म्हणाली. मी ते वर नेऊन दिले. अप्पांनी तुकडा उलटसुलट करून बघितला. “विक्रीसाठी नाही ना? मग परवाना लागत नाही.” आणि उभ्या उभ्याच खाल्ला. खाताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

पण कॅमेरा बघतो, जिना उतरवून देत नाही. उन्हाळा लागेपर्यंत आंटीचे गुडघे पार गेले. एका रविवारी तिला चर्चला खाली उतरताच आलं नाही, पुढच्याही नाही. मग तीच विल्सनला म्हणाली, “नुसती घंटा ऐकून काय करू? ने मला. तुझं घर तळमजल्यावर आहे, चर्चला रिक्षा तरी जाते ना?” खुर्चीत बसवून चौघांनी तिला खाली नेलं. अप्पा वरून कठड्यावर वाकून ओरडत होते, “वळणावर हळू! भिंतीला लागेल! अरे, हळू म्हणतो ना!” तेवढंच. निरोप कोणी कोणाचा घेतला नाही. बोलणं बंद होतं ना.

पुढे एका रविवारी सकाळी मी आपणहून वर गेलो. म्हटलं, आता हा परवाना मोकळा झाला, तो जिन्याच्या कॅमेऱ्याला देऊन टाकावा. तिथे दिव्यांचे बल्ब चोरीला जात होते. अप्पा टीव्हीसमोर बसलेले, दाढी वाढलेली. टीव्हीवर तिसऱ्या चौकटीत आंटीचं दार, कडीला कुलूप.

“अप्पा, हा जिन्याला लावू?”

“नको.”

“अहो, कुलूप आहे तिथे. काय बघायचंय?”

“राहू दे रे, मंगेश,” म्हणाले. मला ते मंगेश कधीच म्हणत नाहीत. “मला करमत नाही. सकाळी उठून हे बघायची सवय लागलीय. इकडे ये, तुला एक दाखवतो.”

त्यांनी जुनं चित्रण काढलं. दार उघडलं, आंटी गाऊनवर शाल घेऊन बाहेर आली, चौकटीला धरून वाकली, दुधाची पिशवी उचलली. सरळ झाली. मग मान वर करून थेट कॅमेऱ्यात बघितलं आणि काहीतरी बोलली. दार बंद. अप्पांनी दुसऱ्या दिवसाचं लावलं. तेच. पिशवी, मान वर, ओठ हलले, दार बंद. आणखी एका दिवसाचं. तेच.

“रोज बोलायची,” अप्पा म्हणाले. “ह्या स्वस्तातल्या कॅमेऱ्याला माईक नाही. काय म्हणायची कळत नाही. शिव्या देत असेल?”

“तुम्ही विचारलं नाही?”

“कसं विचारणार?”

मी कपाळाला हात लावला आणि खिशातून फोन काढला. “नको, नको, आमचं बोलणं नाही,” अप्पा उठून दाराकडे निघाले. पण बाहेर गेले नाहीत. मी वसईला फोन लावून स्पीकरवर टाकला.

“कोण, मंगेश? काय रे बाबा, सगळे बरे आहेत काय?”

“बरे आहेत, आंटी. एक विचारायचं होतं. तू सकाळी दूध घेताना कॅमेऱ्याकडे बघून काय बोलायचीस?”

ती हसली, मग खोकली. “काय बोलणार? त्याला विचारायची, अप्पा, चाय झाला काय? एकटा असतो बिचारा, त्याला कोण विचारतं?”

“अगं, मग तोंडाने विचारायचंस. दार समोरच होतं.”

“बोलणं नव्हतं ना आमचं.”

अप्पा दाराशी पाठमोरे उभे होते. तिथूनच, वसईपर्यंत आवाज पोचवायचा असल्यासारखे ओरडले, “झाला! झाला म्हणावं चहा!”

कितीतरी वर्षांनी त्यांचा आवाज तिच्यासाठी निघाला होता.

“मंगेश,” अप्पा तसेच पाठमोरे म्हणाले. “तिला म्हणावं, उद्यापण विचार.”

“तुम्हीच सांगा,” म्हणून मी फोन त्यांच्या हातात दिला आणि आत गेलो. ओट्यावर पातेलं पालथं होतं आणि दुधाची पिशवी अजून फोडलेली नव्हती. मी दोन कप चहाचं आधण ठेवलं.